खुर्चीतून केलेलं छप्पर

माझे वडील एक्कावन्न वर्षं शिडीनं छपरावर चढले, शिडीनंच उतरले, आणि एकदाच शिडीशिवाय उतरले. ते शेजारच्या कंडक्टरच्या गोठ्यावरून. खाली भोपळ्याचा वेल होता. दोन भोपळे फुटले आणि बाबांच्या मांडीचं हाड मोडलं. कंडक्टरला नोकरीतून सुटून सात वर्षं झाली होती, पण त्याचा आवाज अजून बसमध्येच होता. तो दवाखान्यात भेटायला आला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मिस्त्री, हाड जुळतं हो. भोपळा जुळत नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, शिडी कायमची बंद. पहिली पायरीसुद्धा नाही.

"उतरायला चालेल?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी थोडा विचार करून, उतरायलाही नाही, असं सांगितलं.

घरी आल्यावर बाबा परसदारी खुर्चीत बसायला लागले. खुर्ची हातांची, लाकडी, एक पाय किंचित आखूड. त्याखाली आईनं कौलाचा तुकडा सारला होता. तिथून गावातली सतरा छपरं दिसायची आणि त्यातली अकरा बाबांची होती. उरलेल्या सहांकडे बघायची वेळ येऊ नये म्हणून ते खुर्ची तिरकी लावत.

पावसाच्या शेवटी एक वादळ झालं आणि आमचं जुनं खुराडं झोपलं. ते खुराडं बाबांनी केलेलं नव्हतं, असं ते वादळाच्या दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगून आले. म्हणजे ते चार जण आमच्याकडे आले, बाबा खुर्चीतच होते. नऊ कोंबड्या वाचल्या. आईनं त्यांना स्वयंपाकघरात आणलं. तिथं त्या मांडणीच्या वरच्या फळीवर बसून आमच्या ताटांकडे बघायच्या. आई म्हणायची, "सासरी आल्यापासून मला एवढ्या जणींनी एकदम कधी तपासलं नव्हतं."

त्याच आठवड्यात शाळेच्या मोठ्या बाई बाबांची तब्येत विचारायला आल्या. मोठ्या बाई उभ्या राहूनच बोलतात. बसल्या तर काम राहील असं त्यांना वाटतं.

"मिस्त्री, सुट्टीत शाळेचं छप्पर उतरवून नवीन करायचंय. तुम्ही नाही म्हटल्यावर तुमच्या जावयांना सांगते."

"मी नाही कधी म्हटलं?"

"तुम्ही खुर्चीत आहात."

"खुर्चीतून करतो."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग खुर्चीखालच्या कौलाकडे. "खुर्चीतून झालेलं छप्पर मी अजून पाहिलं नाही."

"मग पाहा की. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी या. दहा वाजता."

"काय दाखवणार?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. परसात दाखवण्यासारखं फक्त पडलेलं खुराडं होतं. "ते," ते म्हणाले.

बाई गेल्यावर आई बाहेर आली. "अहो, खुराडं बांधणार कोण?"

"मी."

"आणि हात कुणाचे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मला बाविसावं चालू होतं आणि आईला गुडघेदुखी. अशी आमची टोळी झाली.

*

गावात दोनच छप्परवाले होते, बाबा आणि जावईबापू. जावईबापू बाबांच्याच हाताखाली शिकला, बाबांच्याच थोरल्या मुलीशी त्यानं लग्न केलं आणि मग तो खिळ्यांऐवजी स्क्रू वापरायला लागला. पहिल्या दोन गोष्टी बाबांनी मनापासून केल्या होत्या. तिसरी त्यांच्या जिव्हारी लागली होती. माणूस मात्र सज्जन. बाबांना 'मामा' म्हणायचा आणि त्यांच्यासमोर स्क्रूचा डबा पाठीमागे लपवायचा.

शाळेचं काम त्याच्याकडे गेलं असतं तर घरात कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मग बाबा मिस्त्री राहिले नसते. 'मिस्त्री' ही त्यांची हाक होती. ती गेली असती तर त्यांना काय म्हणून बोलवायचं, हे आईलासुद्धा सांगता आलं नसतं. बत्तीस वर्षं ती त्यांना 'अहो' म्हणत होती आणि अहो म्हटलं की ते छपरावरून ओ द्यायचे.

कामाची सुरुवात मापानं झाली. बाबा म्हणाले, लांबी नऊ फूट, रुंदी पाच, आढं साडेचार फुटांवर. मी विचारलं, नऊ फूट कशावरून?

"नऊ कोंबड्या, नऊ फूट."

"एक कोंबडी एक फूट?"

"तू मोजून बघ."

मी टेप घेऊन स्वयंपाकघरात गेले. कोंबडीचं माप घेणं सोपं नसतं. ती मापाला येते, पण मापात राहत नाही. मी परत येऊन सांगितलं, "कोंबडी नऊ इंच. रागावलेली अकरा."

"रागावलेली धर," बाबा म्हणाले. "घर रागावलेल्यांच्या मापानं बांधावं. शांत असतात तेव्हा माणसं बाहेरच असतात."

म्हणून कोंबड्यांनी बसायची दांडी सव्वाआठ फूट आणि खुराडं नऊ फूट, हे ठरलं. बाबांचा आकडा बरोबर आला आणि हिशोब माझा, त्यामुळे दोघंही जिंकलो असं दोघांनी मनातल्या मनात धरलं.

मग खांब पुरले. मी खड्डे घेतले, आईनं खांब धरले, बाबांनी खुर्चीतून एक डोळा मिटला. त्यांच्या हातात एक लांब काठी होती. काठीनं ते हवेत रेघ ओढायचे आणि ती रेघ आम्हाला दिसायला हवी असा त्यांचा आग्रह असायचा.

"डावीकडे. अजून. अगं, तुझी डावी नाही, खांबाची डावी!"

"खांबाला डावी असते होय?" आई म्हणाली.

"तोंड असतं त्याला डावी असते."

"मग मला बरीच वर्षं नव्हती म्हणायची."

भिंती फळ्यांच्या केल्या. जमिनीपासून दीड फुटावर अंडी घालायची तीन खोकी ठेवली. मग वासे चढवायचे होते. चढवायचे म्हणजे काय, आढं माझ्या हनुवटीपेक्षा थोडं वर होतं. मी पालथ्या बादलीवर उभी राहिले की संपूर्ण छप्पर माझ्या पोटाशी यायचं. तरी बाबा खुर्चीतून ओरडायचे, "पाय सांभाळ! एका हातानं धर! वारं आलं की बस!"

कंडक्टर कुंपणापलीकडून बघत होता. "मिस्त्री, पोरगी बादलीवर आहे."

"बादली पण उंचीच आहे," बाबा म्हणाले. "भोपळ्याला विचारा."

*

दांडीवरून आमचं वाजलं.

बाबांना दांड्या पायऱ्यांसारख्या हव्या होत्या. खाली एक, त्याच्यावर एक, त्याच्यावर एक. "वडीलकीचा मान असतो. थोरल्या वर, धाकट्या खाली." आणि दांडी गोल हवी. दांडी म्हणजे गोलच.

मी म्हटलं, "स्वयंपाकघरात त्या मांडणीच्या चपट्या फळीवर झोपतात. गोल मुसळ शेजारीच टांगलंय, त्याच्यावर एकही बसत नाही. चपट्यावर बसलं की पोटाखाली बोटं झाकून घेता येतात. थंडीत गोल दांडीवर बोटं उघडी राहतील."

"तू कोंबड्यांशी बोलतेस?"

"बघते."

"मी एक्कावन्न वर्षं छपरं करतोय."

"दांड्या किती केल्यात?"

बाबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. ते असं करतात तेव्हा वाद संपलेला असतो आणि ते हरलेले नसतात. मी गोल दांड्या केल्या, रुंदीत आडव्या, तीन पायऱ्यांच्या.

पहिल्या संध्याकाळी नऊच्या नऊ कोंबड्या सर्वांत वरच्या दांडीवर गेल्या. खालच्या दोन दांड्या रिकाम्या. वरची दांडी चार जणींच्या मापाची. नऊ जणी दाटून बसल्या, मग एक उजवीकडून पडली, ती डावीकडून चढली, मग डावीकडची मधे सरकली आणि उजवीकडून दुसरी पडली. हे अर्धा तास चाललं. शेवटी ज्यांना जागा मिळाली नाही त्या खालच्या दांडीवर बसल्या आणि वरच्यांनी रात्रभर त्यांच्या पाठीवर काय करायचं ते केलं. सकाळी आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "हा मान का?"

दुपारी बाबांनी मला हाक मारली. "ती तुझी चपटी पट्टी. किती रुंद म्हणालीस?"

"साडेतीन इंच. कडा रंध्यानं मारलेल्या. सगळ्यांना एकच उंची, एकच ओळ. खोक्यांपेक्षा वर, नाहीतर खोक्यात झोपतील. भिंतीपासून एक फूट लांब."

"एक फूट कशाला?"

"शेपट्या."

बाबांनी मान हलवली, अगदी थोडी, म्हणजे कुणी बघितलं असतं तर मान आखडलीय असं म्हणता आलं असतं. मी एक लांब दांडी बसवली. त्या संध्याकाळी नऊ जणी नऊ ठिकाणी बसल्या. भांडायला उंचीच उरली नाही. हवालदार नावाची एक जाडी, तुरा वाकडा झालेली कोंबडी होती. ती इतरांपासून हातभर लांब, पार टोकाला बसली. तिला शेजार आवडत नसे. दांडी रागावलेल्या मापाची होती, त्यामुळे तेवढी जागाही निघाली.

छप्पर मात्र पूर्णपणे बाबांचं. दोन्ही बाजूंना उतरती दोन पाखी, पन्हळी पत्रा, आढ्यावर पत्र्याची टोपी. एकेक खिळा कुठं मारायचा ते त्यांनी काठीनं दाखवलं. प्रत्येक खिळ्याखाली चकती, चकतीवर डांबर. भिंत आणि छपराच्या मधली फट त्यांनी मला पोत्याच्या चिंध्या आणि ओला चिखल ठासून बुजवायला लावली. दाराच्या कडेला जुन्या ट्यूबचं रबर. शेवटी मला म्हणाले, आत जा, दार लाव आणि उजेड दिसतो का सांग.

"काहीच दिसत नाही," मी आतून म्हटलं.

"शाबास!"

ही शाबासकी मला होती की पत्र्याला, हे आतून कळलं नाही.

मग पाण्याची परीक्षा झाली. आईनं स्टुलावर उभं राहून छपरावर बारा बादल्या ओतल्या. कंडक्टर, त्याची बायको आणि रस्त्यानं जाणारे दोघे साक्षीला होते. आत मी जमिनीवर कोरडं वर्तमानपत्र अंथरलं होतं. बाराव्या बादलीनंतर ते बाहेर आणून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं आणि घडी करून कंडक्टरला दिलं. "घ्या, वाचा. कोरडं आहे."

त्या दिवशी बाबांनी खुर्ची सरळ लावली.

*

मग थंडी पडली. सकाळी कुंपणाच्या तारेवर पाणी दिसायचं आणि माणसं बोलली की तोंडातून वाफ यायची. आकाश मात्र स्वच्छ, निळं. तीन आठवडे पावसाचा थेंब नाही.

शनिवारला पाच दिवस राहिले असताना आईनं सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. कोंबड्यांच्या पाठी ओल्या होत्या. जमिनीवरचा भुसा दांडीखाली काळा पडला होता. वरून, पत्र्यावरून, टप् करून एक थेंब तिच्या समोर पडला.

"अहो," ती म्हणाली. "गळतंय."

बाबा खुर्चीत होते. त्यांनी वर आकाशाकडे पाहिलं. मग आईकडे. "काय?"

"छप्पर गळतंय."

"पाऊस कुठाय?"

"ते मला नका विचारू. मी फक्त गळतंय एवढंच सांगतेय."

बातमी कुंपण ओलांडायला कंडक्टर पुरेसा होता. दुपारपर्यंत लोक बघायला आले. पावसाळ्यात गळणारं छप्पर सगळ्यांकडे होतं. उन्हात गळणारं कुणी पाहिलं नव्हतं. "मिस्त्री, आमच्याकडे तर पाऊस नाही," कंडक्टर म्हणाला. "तुमच्याकडे कुठून येतो? आम्हालाही थोडा सांगा, भोपळे लावायचेत."

बाबांनी सगळ्यांसमोर आईला पुन्हा बादल्या ओतायला लावल्या. बारा, मग पंधरा. आत एक थेंब नाही. लोक मान हलवत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टप्, टप्. बाबांनी मला सगळ्या खिळ्यांवर परत डांबर लावायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी थेंब वाढले. हवालदार घशात घरघर करायला लागली. बाबांनी तिला मांडीवर घेतलं, पाठ पुसली आणि दुसऱ्या कुणाकडे बघितलं नाही. रस्त्यानं जाणारी शाळेतली मुलं थांबून आमच्याकडे हात पुढे करायची, पाऊस झेलतात तसा.

गुरुवारी जावईबापू आला. त्यानं वाकून आत जाऊन पत्र्याची प्रत्येक पन्हळ बोटानं तपासली. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांना चिंध्या चिकटल्या होत्या. "मामा, एकही भोक नाही. शपथेवर सांगतो. मी एवढं घट्ट काम आयुष्यात पाहिलं नाही."

हे कौतुक होतं, पण बाबांना थोबाडीत मारल्यासारखं लागलं. भोक असतं तर बुजवता आलं असतं.

जावईबापू थोडा वेळ पायानं माती उकरत राहिला. "मामा, राग मानू नका. शनिवारी बाईंना मी सांगू का, की खुराडं मी केलंय म्हणून?"

मी आईकडे पाहिलं. आई पातेलं घासायचं थांबली.

"माझं गळकं छप्पर तुला देऊ?" बाबा म्हणाले. "तुझी तेवढी लायकी आहे का?"

जावईबापूचे डोळे भरून आले. त्यानं होकारार्थी की नकारार्थी मान हलवली ते नीट कळलं नाही. तो गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "पोरगा चांगला आहे." आणि मग, "स्क्रू सोडले तर."

*

शनिवारी उजाडायच्या सुमाराला बाबांनी मला उठवलं. "मला आत बसायचंय."

"घरात?"

"खुराड्यात. पडतं कुठून ते मला बघायचंय. दार लावून."

बाबांना खुराड्यात घालणं हे नवरदेवाला पेटीत घालण्यासारखं होतं. आधी काठी गेली, मग दुखरा पाय, मग बाबा, शेवटी बुटकं स्टूल आणि त्यावर पुन्हा बाबा. मी त्यांच्या पायाशी उकिडवी बसले आणि दार ओढून घेतलं. कंदील मधे ठेवला. नऊ कोंबड्या दांडीवरून आमच्याकडे बघत होत्या. पाहुणे घाईत आलेत हे त्यांना दिसत होतं.

आत ऊब होती, आणि नाकात झोंबणारा वास. पाचेक मिनिटांत बाबांचा चष्मा पांढरा झाला. त्यांनी तो सदऱ्याला पुसला. परत पांढरा झाला. परत पुसला. मग त्यांच्या नाकावर टप् झालं.

"कुठून?" ते कुजबुजले.

मी कंदील वर धरला. पत्र्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे डाग चमकत होते. सगळीकडे दव होतं, पण काही ठिकाणी थेंब मोठे, टपोरे, गळायला आलेले. मी ते मोजले. मग दांडीवरच्या कोंबड्या मोजल्या. मग थेंब पुन्हा मोजले.

"बाबा. नऊ आहेत."

"कोंबड्या नऊच आहेत."

"थेंबांच्या जागा नऊ आहेत. एका ओळीत. बरोबर दांडीच्या वर."

बाबांनी चष्मा पुसून वर पाहिलं. आठ जागा सारख्या अंतरानं, आणि मग हातभर मोकळी जागा सोडून, पार टोकाला, नववी. तिच्या खाली हवालदार घरघर करत बसली होती.

"प्रत्येकीला आपापला पाऊस आहे," मी म्हटलं.

बाबा खूप वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडून हळूच हवेत श्वास सोडला. वाफ वर गेली, पत्र्याला लागली आणि तिथंच राहिली. तिला जायला कुठं वाट नव्हती. वाट मीच बुजवली होती, त्यांच्या सांगण्यावरून, चिंध्या आणि चिखलानं.

"दार उघड," ते म्हणाले.

दार उघडलं तशी वाफ भसकन बाहेर गेली. आई बाहेर उभीच होती. "काय हो, आत चूल पेटवलीत का?"

"कोंबड्यांचा श्वास आहे," बाबा म्हणाले.

आईनं आत डोकं घालून पत्र्याला हात लावला आणि ओली बोटं बघितली. "हं. झाकण आहे हे. पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं की आतून असंच पाणी सुटतं."

"हे तुला माहीत होतं?"

"झाकणाचं माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? मला बादल्या ओतायला सांगितल्या होत्या."

बाबांना आम्ही बाहेर काढलं, उलट्या क्रमानं. ते खुर्चीत बसले. सूर्य कुंपणावर आला होता. आई पत्र्याकडे बघत म्हणाली, "बाई दहाला येणार. तोवर ऊन चढेल. दार उघडं ठेवलं की सगळं सुकून जाईल. बादल्या ओतून दाखवा, एक थेंब पडायचा नाही. शाळेचं काम तुमचं."

खरंच होतं ते. दहा वाजता त्या छपरात काहीही खोट दिसली नसती. असं घट्ट, सुबक, सरळ आढ्याचं छप्पर पंचक्रोशीत नव्हतं. मीच मारलेला एकेक खिळा एका रेषेत चमकत होता. बाबा त्या रेषेकडे बघत होते आणि मी बाबांकडे. हवालदार दारातून बाहेर आली, दोन पावलं चालली, मान लांब करून खोकली आणि पुन्हा चालायला लागली.

"कात्री आण," बाबा म्हणाले. "पत्र्याची."

"आत्ता?" आई म्हणाली. "अहो, बाई यायच्या वेळेला छप्पर उघडं?"

"उद्या सकाळी परत गळेलच ना."

मी बादलीवर चढले. बाबांनी काठी उचलली, पण रेघ ओढली नाही. "आढ्यावरची टोपी सोडव. खाली पत्रा दोन्हीकडून दोन-दोन बोटं काप, पूर्ण लांबी. मग टोपी लाकडाच्या तुकड्यांवर उचलून बसव. पाऊस बाहेर, वाफ बाहेर. फटीला जाळी लाव. भिंतीवरच्या चिंध्या काढ, पण वरच्याच, त्यांच्या डोक्याच्या वरच्या. वारं अंगावर यायला नको."

हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. म्हणजे दार उघडल्यापासून ते हेच मनात बांधत होते. पत्र्यात कात्री घातली तेव्हा जो करकर आवाज आला, त्याला बाबांनी डोळे मिटले. एक्कावन्न वर्षांत त्यांनी छपराला मुद्दाम फट ठेवली नव्हती.

अर्धं आढं उघडं असताना मोठ्या बाई आल्या. बरोबर जावईबापू होता, आणि कंडक्टर न बोलावता होता. बाई कुंपणाशी थांबल्या. "मिस्त्री, हे बांधताय की मोडताय?"

"कापतोय. छप्पर चुकलं होतं माझं."

कंडक्टर आनंदानं म्हणाला, "म्हणजे गळतंय!"

"गळत नाही. घाम येतो." बाबांनी बाईंकडे तोंड केलं. "बाई, वरून येणारं पाणी मी आयुष्यभर अडवलं. खालून वर जाणारं मला माहीतच नव्हतं. आतल्यांचा श्वास वर जातो, गार पत्र्याला लागतो आणि खाली पडतो. हे माझ्या पोरीनं शोधलं. दांडी तिनं एका ओळीत लावली नसती तर मला मरेपर्यंत कळलं नसतं."

मी वर बादलीवर होते, हातात कात्री. मला काय करावं ते कळेना म्हणून मी कापत राहिले.

बाई खुराड्यात वाकल्या, पत्र्याला हात लावला, दांडी बघितली, बाहेर आल्या. "चौथीच्या वर्गात थंडीच्या दिवसांत सकाळी थेंब पडतात," त्या म्हणाल्या. "मुलांच्या वह्या भिजतात. छप्पर दोनदा दुरुस्त करून घेतलंय."

"मुलं किती?"

"बेचाळीस."

"खिडक्या?"

"थंडीत बंदच."

जावईबापू लाल झाला. "मी दोनदा डांबर लावलं तिथं. दोन्ही वेळा भोक सापडलं नव्हतं मला."

बाबांना इथं एक वाक्य बोलता आलं असतं. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. आईलाही दिसलं, कारण ती लगेच 'अहो' म्हणाली. "त्यानं बरोबर तेच केलं जे मी केलं असतं," बाबा म्हणाले. "मीच शिकवलं ना त्याला."

बाईंनी पर्समधून कागद काढला. "शाळेच्या आढ्याला फट किती ठेवायची?"

"हिला विचारा," बाबा म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. कंडक्टरनंसुद्धा पाहिलं, आणि तो पहिल्यांदाच काही बोलला नाही. मी म्हटलं, "असं सांगता येणार नाही. आधी वर्ग बघायला हवा. सकाळी, मुलं बसलेली असताना, खिडक्या लावून."

"सोमवारी या," बाई म्हणाल्या. "तुम्ही आणि मिस्त्री. सुट्टीत काम धरू."

"शिडी जावईबापू धरतील," बाबा म्हणाले. "चढणार ही."

*

सोमवारी सकाळी आम्ही चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. बाबा, मी आणि काठी. बाबांनी तिसरीत शाळा सोडली होती आणि छपरावर गेले होते. चौथीच्या वर्गात ते पहिल्यांदाच बसत होते, साठाव्या वर्षी, आणि त्यांनी केसांना तेल लावलं होतं. बेचाळीस मुलं मागे वळून बघत होती. बाईंनी त्यांना पुढे बघायला सांगितलं. मग वर बघायला सांगितलं. वर्ग दहा मिनिटं पत्र्याकडे बघत बसला. शाळेत एवढी शांतता कधी झाली नव्हती.

तिसऱ्या बाकावर टप् झालं. बाबांनी हात वर केला. "बाई, पडला!"

बाईंनी मला फळ्याशी बोलावलं. मी दोन पाखी काढली, आढं काढलं, टोपी काढली आणि खाली वाफेचे बाण काढले.

"टोपी जरा अजून वर घे," बाबा बाकावरून म्हणाले.

"नको. मग पावसाची झड आत येईल."

"बरं," बाबा म्हणाले.

बाईंनी मुलांना ते वहीत उतरवून घ्यायला लावलं. बाबा उठले आणि काठी टेकत बाकांमधून एकेक वही तपासत गेले. छपरं वाकडी होती, काही तर हवेत तरंगत होती. बाबा गंभीर चेहऱ्यानं प्रत्येकाला उतार बरोबर करायला सांगत होते. एका मुलीनं मात्र छप्पर फार सुंदर काढलं होतं. सरळ, घोटीव, पट्टीनं ओढलेलं, कुठंही फट नाही.

बाबा तिच्याजवळ बराच वेळ उभे राहिले.

"छान काढलंस," ते म्हणाले. "मीही असंच काढायचो."

मग त्यांनी तिच्या हातातलं खोडरबर मागून घेतलं.